शांबोर की शनोंसो?

पॅरिसहून लुआरच्या खोऱ्यात एका दिवसासाठी जाणारे बहुतेक जण दोन्ही महाल एकदम उरकायचा घाट घालतात. गाडी हाताशी असेल तर जमतंही. पण मग शांबोरचं रान राहतं, आणि रान सोडून शांबोर पाहण्यात काही राम नाही. (सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्यांनी तट-बुरुजांची आशा ठेवू नये; लढाईशी यांचा संबंध नाही.)

शांबोर १५१९ साली राजा फ्रान्सिस पहिला याने शिकारीसाठी बांधायला घेतला. चारशेहून जास्त खोल्या, २८२ शेकोट्या, आणि ३२ वर्षांच्या कारकिर्दीत राजाचा मुक्काम जेमतेम ७२ दिवस! आतली दालनं म्हणूनच भव्य पण ओकीबोकी वाटतात. दुहेरी जिना मात्र चढाच: एकाने वर जावं, दुसऱ्याने खाली यावं, खिडक्यांतून एकमेकांना पाहावं, पण समोरासमोर गाठ पडत नाही. लिओनार्दोचं नाव त्याला चिकटलंय, पक्का पुरावा नाही. जिना गच्चीवर निघतो. तिथून धुराडी आणि मनोरे, आणि पलीकडे ५,४४० हेक्टरचं रान, ३२ किलोमीटरच्या भिंतीआड. म्हणजे जवळपास निम्मं पॅरिस शहर मावेल एवढं. सगळं खुलं नाही, पण खुल्या भागात सायकल भाड्याने घेऊन फिरता येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे किंवा तिन्हीसांजेला नर हरणांचं हंबरणं ऐकू येतं.

शनोंसोचं उलट. तिथे आतच रमायला होतं. शेर नदीवर पूल, पुलावर ६० मीटर लांब दालन. पूल डियानचा, दालन कॅथरीनचं. डियान राजा दुसऱ्या हेन्रीची प्रेयसी, कॅथरीन लग्नाची राणी. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणीने डियानला महाल सोडायला लावला. दोघींच्या बागा आजही महालाच्या दोन बाजूंना आहेत. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्यात नदीच सीमारेषा झाली, आणि दालनाचं पलीकडचं दार जर्मनांच्या ताब्याबाहेर उघडायचं. नदीतल्या खांबांच्या पोटातलं स्वयंपाकघर चुकवू नका.

गाडी नसेल तर प्रश्नच मिटला: शनोंसोचं स्टेशन महालाच्या दारातच आहे, तूर शहराहून रेल्वेने अर्ध्या तासावर. शांबोरसाठी ब्लुआला उतरून बस शोधावी लागते, आणि तिच्या फेऱ्या मोजक्या. सोबत आजी-आजोबा असले तरी माझं मत शनोंसोलाच. फक्त दार उघडताच आत शिरा, दुपारी त्या दालनात मुंगीलाही वाट नसते. गाडी आणि पायांत जोर दोन्ही असेल, तर शांबोर, पण पूर्ण दिवस.