जॉइंटर आधी की थिकनेसर?

दोन्ही लाकूड रंधायची यंत्रं: जॉइंटर फळीची एक बाजू सरळ करतो, थिकनेसर सगळीकडे एकसारखी जाडी देतो. फळी सागवानाची असो की बाभळीची, तिला पीळ असेल तर थिकनेसर काही करत नाही. त्याचे रूळ फळीला दाबून सपाट करतात, वरची पाती तेवढंच सोलतात. बाहेर आली की फळी पुन्हा वाकडी. फक्त पातळ आणि वाकडी!

जॉइंटरवर दाब आपल्या हाताचा. फळी बाहेर पडते ते टेबल पात्यांच्या पातळीत, आत जाते ते १ मिमी खाली. फळीची पोकळ बाजू खाली ठेवायची, दोनचार फेऱ्यांत ती डगमगायची थांबते. मग तीच बाजू फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला, टेकवून कड काढायची, गुण्या लावून काटकोन बघायचा. पण दुसरी बाजू पहिलीला समांतर करणं त्याला जमत नाही, ते काम थिकनेसरचं. फूटभरापेक्षा आखूड तुकडा मात्र जॉइंटरवर नकोच, बोटं महाग.

पैसे एकाचेच असतील तर मी थिकनेसर घेईन. एक बाजू हातरंध्यानं सरळ करता येते, घाम निघतो इतकंच. किंवा फळी सपाट प्लायवर ठेवून खाली पाचरी मारायच्या आणि प्लायसकट आत सोडायची. पण आठ फळ्या २० मिमी एकसारख्या हातानं करायच्या म्हणजे दिवस गेला.