सबक्लीनर: काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः मराठी सबटायटलांसाठी

उतरवून घेतलेल्या एसआरटी, म्हणजे साध्या मजकुरातल्या सबटायटलांच्या फाइलीत पहिल्या काही सेकंदांत ‘इथे तुमची जाहिरात करा’ झळकतं आणि शेवटच्या संवादानंतर ‘सदस्य व्हा’ येतं. हा कचरा काढणारी सबक्लीनर ही पायथन ३ मधली स्क्रिप्ट आहे. ती टर्मिनलमधूनच चालते. इंग्रजीसाठी ती जवळजवळ आहे तशी वापरता येते. मराठीसाठी मात्र स्वतःचं प्रोफाइल, म्हणजे कचरा ओळखणाऱ्या नमुन्यांची फाइल, लिहावं लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

स्क्रिप्ट फाइलमधला एकेक ब्लॉक (एका वेळी पडद्यावर येणारा मजकूर) रेजेक्स नमुन्यांशी, म्हणजे मजकूर शोधण्याच्या साच्यांशी, ताडून पाहते. नमुने दोन प्रकारचे असतात. पर्ज नमुना जुळला की ब्लॉक थेट उडतो. वॉर्निंग नमुना फक्त संशय वाढवतो. संशय पुरेसा साचला तरच ब्लॉक जातो, नाहीतर तो जागेवर राहतो आणि अहवालात दाखवला जातो. मला या हत्याराची सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण संवादात एखादं पात्र संकेतस्थळाचा पत्ता सांगतं तेव्हा तो पत्ता गेला की प्रसंगच कळत नाही. संशयित ब्लॉक वाचून पाहावेत आणि नको असलेले आज्ञेत त्यांच्या क्रमांकांसह डॅश-डी हा पर्याय देऊन काढावेत.

बदल मूळ फाइलीतच होतात. म्हणून नवं प्रोफाइल लावताना आधी प्रत ठेवावी आणि डॅश-एन लावून नुसता अहवाल बघावा. अख्ख्या फोल्डरसाठी डॅश-आर आहे, पण पहिल्याच दिवशी त्याला हात लावू नये.

आता मराठी. प्रोफाइलच्या मेटा विभागात भाषेचे कोड ‘एमआर’ आणि ‘एमएआर’ द्यायचे, फाइलच्या नावातही एसआरटीच्या आधी ‘एमआर’ हवं. प्रत्येक नमुन्याचं नाव वेगळं ठेवायचं. इथवर सोपं आहे. अडतं ते शब्दाची सीमा दाखवणाऱ्या बॅकस्लॅश-बी या खुणेपाशी. पायथनचं मूळ रेजेक्स काना, मात्रा, वेलांटी यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे ‘वाहिनी’च्या दोन्ही बाजूंना ही खूण लावली, तर सुटा ‘वाहिनी’ सापडतच नाही आणि ‘वाहिनीला’मधला मात्र सापडतो. हवं त्याच्या बरोबर उलट! ‘जाहिरात’ सुटा सापडतो, पण ‘जाहिराती’मधलाही पकडला जातो. इंग्रजी प्रोफाइलची नक्कल करून त्यात मराठी शब्द भरले की हे होतंच, आणि चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. उपाय असा: बॅकस्लॅश-बी वापरूच नये. शब्दाच्या आधी देवनागरी चिन्ह नसावं अशी मागे बघणारी अट यू+०९०० ते यू+०९७एफ या युनिकोडमधल्या देवनागरी पट्ट्यासाठी लिहावी. शेवट मोकळा सोडावा, कारण मराठीत विभक्तीचे प्रत्यय जोडूनच येतात.

दुसरी अडचण ‘ऱ्या’ची. ‘करणाऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून लिहितात, काही साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, रेजेक्सला वेगळे. नमुन्यात दोन्ही रूपं द्यावीत.

फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात नसेल तर आधी आयकॉन्व्ह या संकेत बदलणाऱ्या आज्ञेने बदलून घ्यावी.

सोबत येणारं इंग्रजी प्रोफाइल ‘सिंक अँड करेक्टेड बाय’सारख्या श्रेयओळीही काढतं. मला हे पटत नाही. जाहिरात वेगळी आणि फुकट काम करणाऱ्या भाषांतरकाराचं नाव वेगळं. ते चित्रपटाच्या शेवटी दोन-तीन सेकंद दिसावं, इतका मान त्याला मिळायलाच हवा. माझ्या प्रोफाइलमध्ये मी असे नमुने ठेवत नाही. आपलं प्रोफाइल डीफॉल्ट फोल्डरच्या बाहेर ठेवावं, म्हणजे गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने स्क्रिप्टची नवी आवृत्ती ओढताना गुंता होत नाही.

सबटायटलं आपोआप उतरवणाऱ्या बझार या प्रोग्रामशी जोडायचं असेल तर त्याच्या पोस्ट-प्रोसेसिंगच्या चौकटीत सबक्लीनर चालवणारी आज्ञा द्यायची, की उतरलेली प्रत्येक फाइल आपोआप साफ होते. बझार डॉकरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, चालत असेल तर स्क्रिप्टचं फोल्डर कंटेनरमध्ये माउंट करून पत्ता आतला द्यावा; बाहेरचा दिला तर आज्ञा चालत नाही आणि फाइल जशीच्या तशी राहते.

एमकेव्ही या व्हिडिओ फाइलीच्या पोटातली सबटायटलं सबक्लीनरला दिसत नाहीत. ती आधी एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या साधनाने एसआरटीत काढावी लागतात. ब्ल्यू-रेची पीजीएस सबटायटलं तर चित्रंच असतात. त्यांवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) केल्याशिवाय ताडून बघायला मजकूरच नसतो.