एल्कच्या शिकारीसाठी पहिले चांगले बूट: एप्रिल ते जानेवारीचा अनुभव

शिकारीचे बूट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न असतो "वॉटरप्रूफ आहेत ना?" आणि दुसरा "थंडीत पाय गारठणार नाहीत ना?" एप्रिलमध्ये घेतलेली जोडी उन्हाळा, पानगळ आणि बर्फ अशा तिन्हींमधून वापरून झाली आहे, आणि आता मी हे दोन्ही प्रश्न मागे ढकलते. आधी सोल किती कडक हवा ते ठरवा. मग पायाचा आकार बघा. ऊब सगळ्यात शेवटी. या क्रमाने पैसे खर्च केले तर ते वसूल होतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, त्यामुळे मराठीत या विषयावर वाचायला फारसं काही सापडत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या भागात एल्कची, म्हणजे इथल्या मोठ्या आकाराच्या हरणाची, शिकार करता येते. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला त्याआधी प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. इथे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना यात उतरायचंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बंदूक कुठली घ्यावी हे सांगणारे खूप भेटतात. बुटांबद्दल मात्र "चांगले घ्या" एवढंच सांगतात.

मी जाते तो भाग फ्लॅट टॉप्सचा, राज्याच्या वायव्येला. सपाट माथे, कडेने तुटलेले कडे, कड्याखाली घसारा. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, आणि माथ्यावरचा खडकही आपलाच, बसाल्ट. फरक उंचीचा, कारण पठारच 10 ते 11 हजार फुटांवर आहे. 1975 पासून इथलं मधलं मोठं रान वाइल्डरनेस म्हणून राखीव आहे, म्हणजे आत गाडी चालत नाही, सायकलसुद्धा नाही. एक तर घोडा, नाहीतर स्वतःचे पाय. त्यात कोलोरॅडोचा कायदा असा की मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून यायचं नाही. मला तो कायदा मनापासून पटतो. पण त्याचा हिशेब पाठीवर येतो: मोठ्या नराची मागची एक मांडी हाडासकट 25 ते 30 किलो सहज भरते. चारही पाय, पाठीचं मांस, मानेचं मांस, हे सगळं गाडीपर्यंत आणायला एका माणसाला बऱ्याच खेपा होतात. बूट निवडायचे ते या परतीच्या खेपांसाठी. जाताना पाठीवर डबा, पाणी आणि जाकीट एवढंच असतं, तेव्हा कुठलेही बूट चालतात.

सह्याद्रीत आपण मऊ, लवचीक सोलचे बूट घालतो आणि तिथे तेच बरोबर आहे. अॅक्शनचे ट्रेकिंग बूट अर्ध्या महाराष्ट्राने उगाच नाही वापरले. मऊ रबर कातळाला धरतं आणि पायाला खालचा खडक कळतो. इथली जमीन वेगळी. एल्कच्या मागे दिवसाचा बराच भाग आडवं चालण्यात जातो, तेही गवताळ, भुसभुशीत मातीच्या तिरप्या उतारावर, जिथे वाट अशी नसतेच. मऊ बूट अशा उतारावर आडवा दुमडतो, घोटा उताराकडे कलतो, आणि ते सावरायचं काम पोटरीवर पडतं. तासाभराने पोटऱ्या थरथरायला लागतात. कडक सोलची कड मात्र मातीत रुतते आणि पाऊल पायरीवर ठेवल्यासारखं सपाट राहतं. पाठीवर तीस किलो असताना हा फरक शब्दशः गुडघ्यांवर कळतो.

कडकपणा जोखायला फार काही लागत नाही. दुकानात एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने चवडा धरून बूट वाकवून बघा, मग पिळून बघा. हाताच्या जोराने सहज दुमडला तर ओझ्याखाली तुमचा तळवाही दुमडणार. जर्मनीच्या बव्हेरियातल्या काही कंपन्या यासाठी ए ते डी अशी श्रेणी देतात: ए म्हणजे साध्या पायवाटेचे, डी म्हणजे क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे लोखंडी काटे) लावून हिमशिखरं चढायचे. डोंगरातल्या शिकारीला बी आणि सी यांच्या मधले बूट योग्य वाटतात. डीच्या वाटेला जाऊ नका, सपाटीवर चालणं नकोसं होईल.

माझी जोडी इटलीत बनलेली, दहा इंच उंचीची. वरचं चामडं पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास जाड, सोलच्या आत नायलॉनची पट्टी, चवड्याभोवती रबराचा पट्टा, वजन जोडीला पावणेदोन किलोच्या वर. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या दर्जाच्या बुटांमध्ये चांगल्या-वाईटापेक्षा कुणाचा साचा कुणाच्या पायाला बसतो याला महत्त्व जास्त. मॉन्टानातल्या बोझमनचे केनेट्रेक आणि श्नीज, इटलीचे क्रिस्पी आणि झांबरलन, बव्हेरियाचे लोवा, माइंडल आणि हानवाग ही नावं या प्रांतात सगळीकडे ऐकू येतील. किंमत साधारण 400 ते 600 डॉलर. यातले जमतील तेवढे पायात घालून बघा आणि पायाला निवडू द्या.

पायाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळं इथेच अडतं. माझा पाय चवड्याशी रुंद आणि टाचेशी अरुंद आहे. चपलेत आणि अनवाणी वाढलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा असाच असतो. बायकांच्या मापाचे बूट टाचेला छान बसायचे, पण करंगळी दाबली जायची. पुरुषांच्या मापात करंगळी मोकळी, पण टाच आत वर-खाली व्हायची. शेवटी जमलं ते बायकांच्याच मापातल्या रुंद साच्यात, नेहमीपेक्षा अर्धा नंबर वर. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. जे जाड लोकरी मोजे रानात घालणार तेच घालून जा. बुटातला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर उभ्या रहा: पाय कडेने बाहेर सांडता कामा नये आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. मग बूट घालून, नाड्या आवळून, दुकानातल्या उतरत्या फळीवर उतरून बघा आणि चवडा दोन-तीनदा आपटा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट परत ठेवा, विक्रेत्याने काहीही सांगितलं तरी. लांब उतारावर टेकत राहिलेल्या अंगठ्याचं नख काळं पडतं आणि पुढे गळून पडतं. चढावर टाच आत किंचित उचलली जाणं नव्या कडक बुटात स्वाभाविक आहे, सोल थोडा सैलावला की ते थांबतं.

ऊब. पेटीवर 200, 400, 600 ग्रॅम असे आकडे असतात. ते बुटात भरलेल्या अस्तराचं वजन नव्हे, एका चौरस मीटर अस्तराचं वजन. आकडा जितका मोठा तितका थर जाड. मचाणावर किंवा झाडाला टेकून तासन् तास बसून शिकार करणाऱ्याला जाड थर लागतो. चालणाऱ्याला तो त्रासदायक होतो, कारण पाय घामेजतो आणि थांबल्यावर तोच घाम गार पडतो. मी विनाअस्तराचे घेतले. नोव्हेंबरच्या पहाटे, शून्याच्या बऱ्याच खाली पारा असतानाही चालताना पाय गार पडले नाहीत. बसायची वेळ आली की अर्ध्या तासात पडले, हे खरं. त्यावर माझा उपाय म्हणजे जेवायच्या वेळी मोजे बदलणं. कोरडे मोजे पिशवीत, ओले शर्टाच्या आत पोटाशी. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा घालण्याजोगे होतात.

मुरवायला दीड-दोन महिने दिले. आधी घरात, मग गावातल्या टेकडीवर, मग पिशवीत पाण्याचे कॅन भरून. जूनअखेर चवड्यावर जिथे बूट दुमडतो तिथे बारीक सुरकुत्यांच्या दोन रेघा उमटल्या, दोन्ही पायांत जवळजवळ एकाच जागी. दुमड माझ्या बोटांच्या सांध्यावरच पडते आहे, म्हणजे माप बरोबर आहे, याचा तो पुरावा. या काळात नाड्या बांधायची पद्धत बसली, आणि ती शिकण्यासारखी आहे: पावलावरच्या नाड्या थोड्या सैल, घोट्याच्या वळणावरच्या हुकाशी दोनदा पीळ देऊन घट्ट, मग वरचा भाग चढताना सैल आणि उतरताना आवळलेला. टाच जागेवर राहते ती त्या मधल्या पिळामुळे. त्यानंतर पूर्ण हंगामात एक फोड आला नाही.

वॉटरप्रूफपणाबद्दल तक्रार नाही. पहाटे दवाने भिजलेल्या विलोच्या झुडपांतून गेल्यावर पँट मांडीपर्यंत चिंब आणि पाय कोरडे, हे ऑगस्टपासून रोज पाहिलं. पण चामड्याच्या आतला वॉटरप्रूफ पडदा पाणी अडवतो तो बाहेरूनच. बर्फ दहा इंचांच्या वर गेला की पाणी वरून आत शिरतं, आणि एकदा आत गेलेलं पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. गेटर्स, म्हणजे बुटाच्या वरच्या तोंडावरून नडगीला गुंडाळायची आवरणं, घ्याच, बुटांच्या पैशांत त्यांचेही धरा. चामड्याला मेणही वेळेवर लावायला हवं, कारण चामडं बाहेरून पाणी पिऊन बसलं की आतला घाम बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. मग पाय ओला होतो आणि माणसाला वाटतं बूट गळतोय.

आता न आवडलेलं. सोबत आलेला इनसोल पुठ्ठ्याच्या लायकीचा होता, पहिल्याच महिन्यात बदलला. डाव्या पायाची नाडी तिसऱ्या हुकाशी घासून सप्टेंबरात धाग्यावर आली. वरपर्यंत आवळलं की बुटाच्या जिभेची कड नडगीवर दाबते. लांब उतारानंतर तिथे लाल वण राहतो. जुलैत हे बूट अक्षरशः भाजतात.

सगळ्यात मोठी अडचण आवाजाची. सप्टेंबरात धनुष्यबाणाचा हंगाम असतो आणि त्यात एल्कच्या तीस-चाळीस यार्डांपर्यंत पोहोचावं लागतं. अॅस्पेनची पानं वाळून पडलेली असतात, खाली काटक्या. मऊ सोलच्या बुटात काटकी आधी तळव्याला कळते आणि पाऊल अर्ध्यातून मागे घेता येतं. या बुटात ती मोडल्यावरच कळते. एका सकाळी वाऱ्याची दिशा बरोबर होती, माद्या झाडांत चरत होत्या, आणि माझ्या उजव्या टाचेखाली बोटाएवढी काटकी मोडली. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि कळप निघून गेला. पुढे मी बाहेरच्या कडेवर पाऊल टेकवून हळूहळू आत वळवायची सवय लावली, तिने बराच फरक पडला. तरी धनुष्यवाल्यांनी सप्टेंबरसाठी हलके, मऊ बूटच बघावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून रायफलचे हंगाम सुरू होतात, अंतर वाढतं, जमीन ओली होते, तेव्हा हे बूट आपल्या जागेवर येतात. ऑक्टोबरात मांडी पाठीवर घेऊन जळून पडलेल्या स्प्रूसच्या खोडांवरून उतरत होते. प्रत्येक खोडावर चवडा आपटत होता. रबराच्या पट्ट्यावर आज चरे आहेत, त्याखालच्या चामड्यावर एकही नाही.

निगा फारशी नाही. घरी आल्यावर इनसोल आणि नाड्या काढायच्या, माती ब्रशने झाडायची, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबायची आणि शेकोटी, हीटर यांच्यापासून लांब ठेवायचे. तापवून वाळवले तर चामडं तडकतं आणि सोलचा गोंद सुटतो.

पुण्या-मुंबईहून काही जणांनी विचारलं, म्हणून लिहिते: सह्याद्रीसाठी हे घेऊ नका. गरम होतील, कातळावर पाय कळणार नाही, आणि पावसाळ्यात वरून पाणी भरलं की वाळायला दिवस जातील. हिमालयात मोठं ओझं घेऊन जाणाऱ्यांनी विचार करायला हरकत नाही. मात्र कपाटात जपून ठेवायला म्हणून घेऊ नका. अनेक बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो, तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू सडतो, आणि न वापरता ठेवलेल्या बुटाचाही काही वर्षांनी चालता चालता भुगा होतो. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे लवकर होणार. वापरत राहा, आणि घेण्याआधी सोल बदलून मिळतो का हे विचारा. माझ्या जोडीला मिळतो. टाचेची बाहेरची कड आत्ताच गोल झाली आहे, पण अजून दोन हंगाम तरी या सोलवर निघतील असं दिसतंय.