मेन बोर्डातला व्होल्टेज प्रोटेक्टर: काही महिने वापरल्यानंतर

मेन बोर्डात एमसीबीच्या शेजारी बसणारा, आकडे दाखवणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मी गेले काही महिने वापरतोय. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण घेताना बऱ्याच जणांची इथेच गल्लत होते. हे यंत्र व्होल्टेज सुधारत नाही. मर्यादा ओलांडली की लाइन तोडतं आणि सगळं सुरळीत झालं की पुन्हा जोडतं, बस्स. पण तेवढ्यासाठीच ते घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

खरा धोका न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटण्याचा असतो. थ्री-फेज लाइनवर न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरच्या घरांमध्ये लोडप्रमाणे व्होल्टेज वाटलं जातं. 230 च्या जागी एखाद्या घरात ते 400 च्या जवळ जाऊ शकतं. आमच्याकडे असंच झालं. पंखा मध्येच मंद, मध्येच जोरात फिरत होता, डिस्प्लेवरचा आकडा सारखा खालीवर होत होता, आणि मग खट् आवाज होऊन घर बंद. डिस्प्ले तेवढा चालू होता, त्यावर 300 च्या वरचा आकडा. वायरमनने खांबावरचा न्यूट्रलचा जॉइंट नव्याने बांधला. घरातली एकही वस्तू गेली नाही.

सेटिंगबद्दल. 230 च्या दहा टक्के खालीवर, म्हणजे 207 ते 253, अशी चौकट कागदावर छान दिसते, पण संध्याकाळी लोड वाढला की सारखं ट्रिप होतं. मी 180 आणि 265 ठेवलंय. पुन्हा जोडण्याआधीचा वेळ मात्र तीन मिनिटांपेक्षा कमी करू नका. फ्रिज बंद पडल्यावर कॉम्प्रेसरमधलं गॅसचं प्रेशर उतरायला वेळ लागतो. त्याआधी लाइन आली तर मोटर अडकते, भरमसाट करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं.

टीव्ही आणि चार्जरसाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही, बहुतेकांवर 100 ते 240 लिहिलेलंच असतं. जुन्या पद्धतीच्या फ्रिजला मात्र मी तो ठेवलाय, कारण कमी व्होल्टेजवर ओढाताण होते ती मोटरची.

विजेच्या कडकडाटात प्रोटेक्टरवर विसंबू नका. तो झटका काही मायक्रोसेकंदांचा असतो, तेवढ्यात रिले, म्हणजे लाइन तोडणारा आतला स्विच, हलतसुद्धा नाही. त्याला सर्ज प्रोटेक्टर वेगळा लागतो आणि अर्थिंग नीट नसेल तर त्याचाही पुरेसा उपयोग होत नाही. मी सरळ प्लग काढतो, राउटरला बाहेरून येणारी तांब्याची केबलही.

तक्रार एकच: ट्रिप झालं की तीन मिनिटं सगळं घर ठप्प. राउटरला छोटा यूपीएस लावून इंटरनेटपुरता तो प्रश्न सोडवला. आणि बसवताना स्क्रू घट्ट आवळून घ्या. ढिल्या टर्मिनलला गीझर चालू असताना इतकी उष्णता येते की प्लास्टिक वितळतं.