क्रेस्टवर्थचा जुना अ‍ॅस्ट्रो लाव्हा लॅम्प: भाव बैठकीचा करा, बाटलीचा नको

साठच्या दशकातला अ‍ॅस्ट्रो, म्हणजे तापल्यावर बाटलीत मेणाचे गोळे वर-खाली करणारा दिवा, विकायला निघाला की विक्रेता आधी तो चालू असल्याचा व्हिडिओ दाखवतो. त्यावर भाव ठरवू नका. या दिव्यात टिकणाऱ्या वस्तू दोनच: खालची धातूची बैठक आणि वरची टोपी. बाटलीतलं मेण-पाणी हा नाशवंत माल. इतक्या वर्षांनीही ते नीट चालत असेल तर नशीब समजायचं, पण त्याचे जास्तीचे पैसे मोजायचे नाहीत.

एका इंग्लिश पबमध्ये एडवर्ड क्रेव्हन वॉकरने अंडी उकडायची वेळ दाखवणारं एक साधन पाहिलं. द्रवात मेणाचा गोळा, तो वितळून वर आला की अंडं झालं. हे डोनल्ड डनेटचं डोकं. त्याचा दिवा करायला वॉकरला बरीच वर्षं लागली आणि १९६३ मध्ये डॉर्सेटमधल्या पूल गावी क्रेस्टवर्थ कंपनीने अ‍ॅस्ट्रो बाजारात आणला. बाटलीचा घाट ट्री टॉप नावाच्या संत्र्याच्या सरबताच्या बाटलीवरून घेतलेला आहे. पेटंटवर संशोधक म्हणून नाव मात्र डेव्हिड जॉर्ज स्मिथचं. अमेरिकन पेटंट १९६८ चं.

या पेटंटातली खरी गंमत मिश्रणात आहे. पॅराफिन मेण मुळात पाण्याहून हलकं, म्हणजे ते कायम तरंगतच राहणार. म्हणून त्यात कार्बन टेट्राक्लोराइड घालून ते थंड असताना पाण्याहून किंचित जड केलं. बल्बने तापलं की फुगतं, किंचित हलकं होतं, वर जातं. मानेपाशी निवतं आणि खाली येतं. तळाशी तारेचं वेटोळं असतं. खाली आलेल्या थेंबांचा पृष्ठताण तिथे मोडतो आणि ते पुन्हा एकजीव होतात. वेटोळं जागचं हललं की मेण साबुदाण्यासारखं सुटं राहतं.

कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक. त्यामुळे जुनी बाटली उघडून ‘रिफिल’ करायच्या भानगडीत पडू नका. बूच सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं असतं. ते गंजून पाझरत असेल किंवा द्रवाची पातळी टोपीच्या खूप खाली दिसत असेल, तर बाटली बाद.

घेताना बैठक उलटी करून क्रेस्टवर्थचं लेबल शोधा. टोपी त्याच धातूची, त्याच रंगाची हवी. हरवलेल्या टोपीच्या जागी भलतीच बसवलेले दिवे सर्रास दिसतात. पोचे हाताने चाचपा. मुलामा असेल तर ब्रासोने घासू नका, झिलई निघून येते. मग मोबाइलचा टॉर्च बाटलीमागे धरा. झोत स्वच्छ आरपार आला पाहिजे. धुक्यातल्या हेडलाइटसारखा पसरला तर पाणी गढूळ आहे. बाटली गरम असताना हलवली की हे हमखास होतं. पूर्ण तापवून पूर्ण थंड करणं चार-सहा वेळा केल्यावर कधी निवळतं, कधी नाही. रंग फिका पडला असेल तर दिवा उन्हात राहिलेला आहे, त्यावर उपाय नाही.

क्रेस्टवर्थचा वारसा १९९२ पासून मॅथमॉस या नावाने चालतो आणि ते पूलमध्येच अ‍ॅस्ट्रो बनवतात, सुट्या बाटल्याही विकतात. जुन्या बैठकीच्या तोंडाचा व्यास मोजूनच मागवा. जुनी बैठक, नवी बाटली हीच आमच्या मते सगळ्यात शहाणी जोडी.

अमेरिकेत ‘लाव्हा लाइट’ या नावाने विकला गेलेला सेंच्युरी हा वेगळा प्रकार. १९६५ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात अ‍ॅस्ट्रो पाहून अ‍ॅडॉल्फ वर्थायमरने हाय स्पेक्टरसोबत अमेरिकेचे हक्क घेतले आणि शिकागोत उत्पादन सुरू केलं. सेंच्युरीच्या सोनेरी बैठकीला बारीक भोकं असतात, अंधारात चांदण्या पडल्यासारख्या दिसतात. बाटली ५२ औंसांची, म्हणजे साधारण दीड लिटर. दिसायला हा सरस, पण आपल्याकडे त्रासाचा: १२० व्होल्टचा ४० वॅट बल्ब थेट आपल्या २३० व्होल्टवर लावला की गेलाच. व्होल्टेज उतरवून देणारा १०० व्हीए क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रोला तो लागत नाही. फक्त वायर जुनी, कडक झालेली असेल तर बदला आणि धातूच्या बैठकीला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. एलईडी बल्ब निरुपयोगी, त्याने मेण तापतच नाही.

लावल्यावर तास-दोन तास धीर धरा. आधी वारुळासारखे सुळके उठतात, मग गोळे सुटतात. उशीर होतोय म्हणून गॅसवर ठेवू नका. २००४ मध्ये अमेरिकेत असा दिवा फुटून एक तरुण दगावला. सलग आठ-दहा तासांवर चालवू नका. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सगळं मेण वरच गोळा होऊन बसलं तर दिवा बिघडलेला नाही, खोली गरम आहे. डिमर लावून बल्ब थोडा मंद करा, नाहीतर सरळ रात्री उशिरा लावा.