ड्रुपल: १३ वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

वेब डेव्हलपमेंट शिकणारी पोरं मला सारखं विचारतात की सर ड्रुपल शिकू का, का वर्डप्रेसच बरं, म्हणून एकदाच नीट लिहितोय. दोन्ही वेबसाईट बनवायची आणि चालवायची सॉफ्टवेअर आहेत. पुण्यात १३ वर्षं माझं घर याच्यावर चाललंय, कॉलेजच्या साईट्स, संस्थांच्या, एकदोन वर्तमानपत्रांच्या, त्यामुळे माझा जीव आहे याच्यावर हे आधीच सांगतो, पण खटकलेलं पण लिहिणार.

ड्रिस बायटार्ट नावाच्या बेल्जियमच्या विद्यार्थ्याने होस्टेलवरच्या मित्रांसाठी केलेलं हे काम, २००१ मध्ये ते ओपन सोर्स म्हणून, म्हणजे कोड कोणीही बघावा-बदलावा असं, सगळ्यांना खुलं केलं. त्याला साईटचं नाव 'डॉर्प' ठेवायचं होतं, डचमध्ये डॉर्प म्हणजे गाव, टाईप करताना चुकून 'ड्रॉप' झालं आणि मग थेंबाला जो डच शब्द आहे त्यावरून ड्रुपल आलं. मला विचाराल तर गावच बरोबर होतं.

आता वस्तू म्हणून कशी आहे. कंटेंट गुंतागुंतीचा असेल तर हिला तोड नाही. समजा कॉलेजची साईट आहे, प्राध्यापक, विभाग, सूचना, निकाल, प्रत्येकाची फील्ड (माहितीचे रकाने) वेगळी, कोणी काय बघायचं आणि कोणी काय बदलायचं याचे नियम वेगळे, आणि सगळं मराठी आणि इंग्रजी दोन्हीत पाहिजे, तर हे सगळं कोअरमध्येच, म्हणजे मूळ ड्रुपलमध्येच, मिळतं आणि व्ह्यूज नावाच्या भागातून हव्या तशा याद्या एक ओळ कोड न लिहिता निघतात. ड्रुपल ८ पासून व्ह्यूज पण कोअरमध्येच आलं, त्याआधी ते वेगळं टाकावं लागायचं. पण शिकायला अवघड आहे हे खरंय. पहिले दोनतीन महिने नवीन माणसाला काहीच समजत नाही आणि तिथेच निम्मे जण सोडून जातात.

सगळ्यात मोठी तक्रार ७ वरून ८ वर जायची. नोव्हेंबर २०१५ मध्ये ८ आलं, आतून जवळजवळ सगळं बदललेलं, सिम्फनी (तयार कोडचा संच), ट्विग (पानांचे साचे लिहायची भाषा), सगळं ऑब्जेक्ट ओरिएंटेड (कोड लिहायची वेगळी पद्धत), म्हणजे अपग्रेड म्हणायचं आणि साईट पुन्हा बांधायची. छोट्या संस्थांकडे त्याचे पैसे नव्हते आणि त्यांना हे समजावून सांगताना मला खरंच वाईट वाटायचं. बरेच जण ७ वरच थांबले, त्याची मुदत पुन्हापुन्हा वाढत गेली आणि शेवटी ५ जानेवारी २०२५ ला सपोर्ट बंद झाला. ८ वरून ९ मात्र खूपच सोपं होतं, तिथे ते शिकले.

सिक्युरिटीला मी पूर्ण मार्क देतो. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सूचना बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, त्यामुळे बुधवारी रात्री लॅपटॉप उघडा ठेवायची सवयच लागली. १५ ऑक्टोबर २०१४ ला एसक्यूएल इंजेक्शनचं (बाहेरच्याला डेटाबेसला हुकूम देता येतील असं) मोठं भोक जाहीर झालं, पॅच म्हणजे दुरुस्तीचा कोड जेमतेम एका ओळीचा, आणि नंतर सिक्युरिटी टीमनेच सांगितलं की सात तासांत पॅच लावला नसेल तर साईट गेली असंच समजा. माझ्या बाकी साईट्स त्याच रात्री झाल्या, एका क्लायंटच्या होस्टिंगवाल्याने पासवर्ड द्यायला दोन दिवस लावले, ती साईट आम्ही जुन्या बॅकअपवरून परत उभी केली.

पण या सगळ्यापेक्षा मला जे मिळालं ते इश्यू क्यूमधून, म्हणजे ड्रुपलच्या साईटवर अडचणी आणि दुरुस्त्या नोंदवायच्या यादीतून. एका मॉड्यूलमध्ये (ड्रुपलला वरून जोडायच्या भागात) मराठी मथळे मधेच तुटायचे आणि शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह यायचं. शोधलं तर ते अक्षरं मोजत नव्हतं, बाईट (साठवणुकीचं एकक) मोजत होतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाईटचं, त्यामुळे कापताना अर्ध्यातच कापलं जायचं. इंग्रजीवाल्यांना हे कधी दिसलंच नसतं! मी पॅच टाकला, तो 'नीड्स वर्क' (अजून काम हवं) म्हणून परत आला, मेन्टेनर, म्हणजे ते मॉड्यूल सांभाळणारा, म्हणाला टेस्ट लिही, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड. तोपर्यंत मी आयुष्यात टेस्ट लिहिली नव्हती, आमच्या ऑफिसात कोणी लिहीत पण नव्हतं. कधीही न भेटलेल्या त्या माणसाने तीन वेळा ओळीओळीवर सांगून ती माझ्याकडून लिहून घेतली, पैसे न घेता. नंतर नोकरीच्या इंटरव्ह्यूत त्यांनी माझं ड्रुपलचं प्रोफाईल उघडून तोच इश्यू वाचला आणि अर्धा तास त्याच्यावरच बोललो, डिग्रीचं कोणी विचारलं नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलकॉन आशिया हे ड्रुपलवाल्यांचं संमेलन पवईला आयआयटीत झालं तेव्हा शेवटच्या दिवशी स्प्रिंटला (सगळ्यांनी मिळून कोडवर काम करायला) बसलो, शेजारी पहिल्यांदाच पॅच करणारी एक मुलगी होती, तिला मी तेच टेस्टचं शिकवलं.

क्यूत खटकतं ते हे की चांगला पॅच, तपासून झालेला, तरी वर्षानुवर्षं पडून राहतो, मेन्टेनरला दिवसाची नोकरी असते, आणि मोठमोठ्या कंपन्या त्याच मॉड्यूलवर पैसे कमावून परत काही देत नाहीत. याचा मला राग येतो.

दुकानाची पाच पानांची साईट असेल तर ड्रुपल घेऊ नका, उगाच भार होईल. पण डेव्हलपर म्हणून पक्कं व्हायचं असेल तर घ्या, कोर्सवर पैसे घालायच्या आधी ड्रुपलच्या साईटवर अकाउंट काढा, 'नॉव्हिस' (नवशिक्यांसाठी) टॅगचा एक इश्यू उचला, आणि तो परत आला तर सोडून देऊ नका, काय बदलायचं ते तिथेच लिहिलेलं असतं.