टाकी भरलेली, तरी ‘डिझेल कमी’चा दिवा, आणि आमचे गेलेले १८,५०० रुपये

दापोली तालुक्यात समुद्राला लागून आमचं घर आहे. वाडीतल्या चार खोल्या पर्यटकांना देतो, जेवण घरचंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, तेव्हा आमच्या भागात आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण पंप चालवायला लाइट नाही, असे दिवस काढले. त्यानंतर आम्ही कर्ज काढून पाच केव्हीएचा, चाकांवर ढकलत नेता येणारा डिझेल जनरेटर घेतला. त्याच मशीनवरून गेल्या मे महिन्यात एका मेकॅनिकने आम्हाला फसवलं. आगोटीच्या आधी, म्हणजे पावसाळा सुरू होण्यापूर्वी, अनेक घरांतून जनरेटर तपासून घेतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

शनिवारची संध्याकाळ. चारही खोल्या भरलेल्या, फ्रीझरमध्ये सुरमई आणि कोळंबी. साडेसातला वीज गेली, जनरेटर सुरू केला. दहा मिनिटांत पॅनेलवर ‘डिझेल कमी’चा लाल दिवा लागला आणि मशीन बंद. टाकी मी स्वतः सकाळी भरली होती. झाकण उघडून टॉर्च मारला, डिझेल वरपर्यंत दिसत होतं. परत सुरू केलं, परत तेच. रात्रभर मेणबत्त्या, आणि मासे शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये.

सकाळी बाजारातल्या एका दुकानाच्या काउंटरवर ठेवलेल्या, जनरेटर दुरुस्त करणाऱ्याच्या कार्डावरून फोन लावला. तासाभरात माणूस मोटारसायकलवरून आला. बोलायला अतिशय गोड. मशीन सुरू करून कान लावून ऐकलं आणि म्हणाला, “वहिनी, पंप गेलाय. डिझेल वर खेचत नाही, म्हणून मशीनला वाटतंय टाकी रिकामी आहे.” मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर त्याच्या हातात प्लॅस्टिकची बाटली, खाली दोन बोटं पाणी आणि वर काळपट डिझेल. “हे तुमच्या टाकीतलं. पाणी शिरलंय. हे पंपात गेलं तर इंजेक्टरही जाईल.” (इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग.) टाकीतलं सगळं डिझेल त्याने काढलं, तेरा-चौदा लिटर तरी असेल, आणि “कुठे ओतू नका, विहिरीला धोका, मीच नेतो” म्हणून कॅनमध्ये भरून घेऊन गेला. फिल्टर, पंपाचं काम आणि मजुरी मिळून ६,७०० रुपये. नवं डिझेल आम्ही आणून भरलं. दोन दिवस मशीन नीट चाललं.

तिसऱ्या दिवशी परत दिवा. तो परत आला. या वेळी म्हणाला की पॅनेलमधला इलेक्ट्रॉनिक कार्ड गेला आहे, खाऱ्या हवेने असं होतं, पूर्ण पॅनेलच बदलावा लागेल. संध्याकाळी मुंबईहून दोन कुटुंबं यायची होती. पैसे देऊ नयेत असं मनात आलं होतं, पण धीर झाला नाही. पॅनेल बदलल्याचे ११,८०० घेतले. जुने भाग मागितले तर “कंपनीला परत द्यावे लागतात” असं उत्तर. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद, त्यावर तीन ओळी. पाच दिवसांत पुन्हा तोच दिवा. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

१ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, तेव्हा हर्णै बंदरात होड्यांची इंजिनं करणारे एक काका सवडीने आमच्याकडे आले. आमच्या ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मशीन बंद होताना आवाज कसा होतो?” आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, बटण दाबल्यासारखं थांबतं. काका म्हणाले, “मग पंपाचा प्रश्नच येत नाही.” डिझेल पुरत नसेल, म्हणजे फिल्टर तुंबला असेल, पंप कमजोर असेल, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल, तर इंजिन आचके देतं, आवाज वर-खाली होतो, मग मरतं. दिव्यामुळे थांबलेलं इंजिन एकदम, स्वच्छ थांबतं. टाकी पूर्ण कोरडी होऊन नळीत हवा शिरू नये, नंतर एअर काढत बसावं लागू नये, म्हणून ही सोय केलेली असते.

दुसरी गोष्ट मी आता कुणालाही झोपेतून उठवून सांगेन. या दिव्याला फक्त टाकीतला फ्लोट कळतो. डिझेलवर तरंगणारा एक गोळा, त्याच्या आत स्विच, तिथून निघालेल्या दोन वायरी, एवढंच. पंप चालतो की नाही, इंजेक्टर कसा आहे, हे त्याला कळायचा मार्गच नाही. ‘डिझेल कमी’चा दिवा बघून कुणी पंप खोलायला लागला तर त्याचा हात तिथेच धरा.

आमच्या मशीनमध्ये टाकी भरलेली असताना फ्लोटचा स्विच जोडलेला राहतो आणि डिझेल खाली गेलं की सुटतो. त्यामुळे वायर तुटली किंवा गंजली तरी मशीनला ‘डिझेल कमी’ असंच वाटतं. काही मशीनमध्ये याच्या उलट असतं, म्हणून आधी सोबत आलेलं पुस्तक बघावं. काकांनी माडाच्या झापाचा हीर, म्हणजे पातीच्या मधली काडी, पुसून टाकीत बुडवला, ओली खूण अर्ध्याच्या वर. जागा सपाट आहे ना पाहिलं, कारण उतारावर उभ्या मशीनमध्ये फ्लोट चुकीचं दाखवतो. मग चावी फिरवली. दिवा लागलेलाच. फ्लोटचं सॉकेट काढून वायरीकडच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. दिवा विझला नाही. म्हणजे फ्लोटचा दोष नाही, दोष पुढच्या वायरीत. (काट्याचं मीटर असलेल्या मशीनचा फ्लोट वेगळ्या तऱ्हेचा असतो, तिथे असं जोडू नये, मल्टिमीटरवर ओहम बघावेत.)

मल्टिमीटर लावत ते वायरीमागून गेले आणि फ्रेमच्या खालच्या पट्टीशी, रबराच्या पायाजवळ थांबले. तिथे अर्थिंगचा नट होता. नट दिसतच नव्हता, इतकी हिरवी-पांढरी भुकटी साचली होती. फ्लोटची एक वायर इथेच जोडलेली. तिच्या थिंबलला, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीला, बोट लावलं तर वायर हातात आली. मशीन थरथरलं की तिचा स्पर्श सुटायचा. मेकॅनिकने हलवाहलव केली म्हणून दोन दिवस टिकला, इतकंच. पॉलिश पेपरने घासलं, नवा थिंबल दाबला, नट आवळून वर ग्रीस लावलं. दिवा विझला. वीस मिनिटं आणि दहा रुपयांचा थिंबल.

मग काकांनी मला खाली वाकून पंप दाखवला. त्याच्या नटांवर कारखान्यातला रंग होता, नटापासून बॉडीपर्यंत सलग, कुठे चीर नाही, पान्याचा ओरखडा नाही. “बाय, ह्याला कोणी हातपण लावलेला नाही.” नंतर ‘नव्या’ पॅनेलकडे बघून विचारलं, किती तास चाललंय? मी ऑइल बदलायचं लक्षात राहावं म्हणून वहीत तास लिहिते. पॅनेल बदलायच्या दिवशी ४१२ लिहिलेले होते, आता मीटरवर ४१५. नवा पॅनेल असता तर तास शून्यापासून सुरू झाले असते. आमचाच पॅनेल पुसून परत बसवला होता.

बाटलीतल्या पाण्याचं म्हणाल, तर ज्या कॅनमधून मी टाकी भरली होती त्यात चार लिटर उरलं होतं. ते काचेच्या बरणीत ओतून दिवसभर ठेवलं. पाणी जड, ते तळाशी बसतं. आमच्या बरणीत तळाला थेंब नव्हता. ती बाटली तो पिशवीतूनच घेऊन आला होता अशी माझी खात्री आहे. पावसाळ्यात अर्ध्या टाकीत दमटपणाने पाणी साचतं हे खरं, पण ते बघायचं तर टाकीच्या तळाचा ड्रेन तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला लावा, तुमच्याच काचेच्या भांड्यात. चहा नंतर.

पैसे परत मिळाले नाहीत. ११,८०० यूपीआयने दिले होते, त्याची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे त्याचे निरोप, तो वहीचा कागद आणि पंपाच्या नटांचे फोटो एका पाकिटात ठेवले आहेत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. त्याने काही झालं नाही तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी लागत नाही, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

माडाचा हीर आता जनरेटरशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. परवा आमच्या शेजारणीच्या मशीनचा तोच दिवा लागला. ती कार्ड हातात घेऊन माझ्याकडे नंबर लावायला आली होती, तेच कार्ड. आम्ही दोघी आधी हीर घेऊन तिच्या टाकीकडे गेलो.